निऱ्यांवरचं ऊन

शाळेत असताना इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा दिलेल्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. स्टुलावर तांब्या, शेजारी एक-दोन फळं आणि मागे टाकलेलं एखादं कापड. तांब्या सगळे जीव ओतून काढत. कापड शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं जाई: चार नागमोडी रेघा, त्यांच्या कडेनं थोडं काळं, झालं. खरं तर त्या मांडणीत सगळ्यात जास्त जागा कापडानंच अडवलेली असे आणि शिकण्यासारखंही तिथंच जास्त होतं.

तांब्याचा आकार ठरलेला आहे. तो कुठंही ठेवला तरी तांब्याच राहतो. कापडाला स्वतःचा असा आकारच नाही. ते कशावर पडलंय, कुठं अडकलंय, कुठल्या बाजूनं ओढलं जातंय, त्याचा पोत कसा आहे आणि उजेड कुठून येतोय, या सगळ्यांतून त्याचं त्या क्षणापुरतं रूप तयार होतं. म्हणून ज्याला कापड नीट काढता येतं त्याला छायांकन येतं, असं खुशाल समजावं. उलट मात्र होत नाही. हुबेहूब सफरचंद काढणारे कितीतरी जण साध्या टॉवेलपुढे हात टेकतात.

या प्रकरणासाठी मी चेन्नई शहर घेतलं आहे. न शिवलेलं कापड रोज अंगावर वागवणारी माणसं तिथं अजून रस्तोरस्ती दिसतात. पांढरी वेष्टी, सुती साडी, लग्नसराईत जड कांजीवरम. शिवलेल्या कपड्यात शिंप्यानं आधीच बरंच ठरवून टाकलेलं असतं. वेष्टी आणि साडी रोज नव्यानं नेसली जाते आणि रोज नव्या चुण्या पाडते. शिवाय कापड कसं दाखवायचं या प्रश्नाला दोन अगदी वेगळी उत्तरं देणाऱ्या परंपरा या शहरात एकमेकींच्या शेजारी नांदतात. आणि तिथला सूर्य चित्रकलेच्या पुस्तकांतल्या सूर्यासारखा वागत नाही. त्याकडे आपण येऊच.

पाश्चात्त्य पद्धतीचं चित्रकला-शिक्षण भारतात संस्था म्हणून रुजलं त्या पहिल्या काही जागांपैकी एक चेन्नईतली. अलेक्झांडर हंटर नावाच्या एका लष्करी शल्यवैद्यानं 1850 मध्ये मद्रासमध्ये कलाशाळा काढली. मुंबईची जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाली 1857 मध्ये, म्हणजे सात वर्षांनंतर. हंटरची ती शाळा आज गव्हर्नमेंट कॉलेज ऑफ फाइन आर्ट्स म्हणून चालू आहे. त्या काळच्या अशा शाळांत मुलांना आधी छापील नमुन्यांवरून रेघ गिरवायला लावत, मग प्लॅस्टरच्या पांढऱ्या पुतळ्यांसमोर बसवत आणि त्यानंतर जिवंत माणसासमोर. प्लॅस्टरवर नंतरच्या पिढ्यांनी पुष्कळ टीका केली आणि ती रास्तही होती. ग्रीक देवतांची नाकं काढण्यात भारतीय मुलांची वर्षं गेली. पण प्लॅस्टर पांढरं का, याला कारण होतं. पांढऱ्या वस्तूला स्वतःचा रंग नसल्यासारखाच असतो, त्यामुळे तिच्यावर जे काही दिसतं ते सगळं उजेडाचं काम. आज तुम्हाला पुतळा आणायची गरज नाही. एक अंडं, एक पांढरा रुमाल आणि एकाच बाजूनं उजेड देणारी खिडकी पुरे.

अंडं खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर ठेवा. आता पाहा: खिडकीकडे तोंड केलेला भाग उजळ, मग हळूहळू मध्यम छटा, मग एक गडद पट्टा, त्यापलीकडे, सावलीतच, कडेला किंचित उजेड आणि कागदावर पडलेली पडछाया. बहुतेक विद्यार्थी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सरळ एकसारखी उतरंड लावतात. अंडं त्यामुळे गुळगुळीत दिसतं, पण गोल दिसत नाही. याचं कारण योहान हाइनरिश लॅम्बर्ट या गणितज्ञानं 1760 मध्येच लिहून ठेवलं. खडबडीत, न चमकणाऱ्या पृष्ठभागावर किती उजेड पडणार हे त्या पृष्ठभागाचा उजेडाशी कोन किती, यावर ठरतं आणि ते प्रमाण कोसाइनचं असतं. पृष्ठभाग उजेडाला थेट सामोरा असेल तर शंभर टक्के. तो 30 अंशांनी वळला तरी सुमारे 87 टक्के उजेड शिल्लक राहतो. 60 अंशांवर निम्मा. आणि उरलेला निम्मा उजेड शेवटच्या 30 अंशांत संपतो.

हे आकडे पेन्सिलच्या भाषेत सांगायचे तर: उजेडाकडचा बराच मोठा भाग जवळजवळ पांढराच ठेवायचा आणि छटा उतरवायची घाई गडद पट्ट्याच्या अगदी जवळ आल्यावर करायची. गोलाई दिसते ती त्या शेवटच्या टप्प्यात. एकदा हे कळलं की कापडाच्या चुणीकडे पाहण्याची नजरच बदलते, कारण चुणी म्हणजे उभा कापलेला अर्धा नळा. तिच्यावरही हाच हिशेब चालतो, फक्त अरुंद जागेत.

सावलीतला तो कडेचा अंधुक उजेड कागदावरून उसळून आलेला असतो. शुद्ध द्वितीयेच्या-तृतीयेच्या कोरीकडे नीट पाहिलं तर चंद्राचा न उजळलेला भागही फिकट राखाडी दिसतो. तो उजेड पृथ्वीवरून परतून चंद्रावर पडलेला असतो, हे लिओनार्दो दा विंचीनं ओळखलं होतं. चित्रकारालाच ते सुचावं यात नवल नाही. सावलीत उजेड शोधण्यातच त्याचा दिवस जात असे. साडीच्या दोन निऱ्यांमधल्या खाचेतही हेच घडतं. एका निरीवरचा उजेड दुसरीच्या सावलीत जातो आणि लाल साडी असेल तर ती खाच काळी न होता ऊबदार लाल होते. पांढरी वेष्टी नेसलेला माणूस जुन्या घराच्या तांबड्या फरशीवर उभा असेल, तर वेष्टीच्या खालच्या काठाकडची सावली तांबूस दिसते. पेन्सिलीनं काढताना रंग नसतो, पण एवढं तरी लक्षात ठेवायचं की खाचेचा तळ सरसकट काळा नसतो. अगदी काळं असतं ते फक्त जिथं दोन पदर एकमेकांना चिकटतात तिथं, आणि तेही रेघेएवढंच.

मात्र परतलेला उजेड दिसायला लागला की नवशिक्या त्याच्या प्रेमात पडतो. तो त्याला इतका उजळ काढतो की कापड पत्र्यासारखं दिसू लागतं. यात थोडा दोष आपल्या डोळ्यांचाही आहे. गडद भागाला लागून असलेला फिकट भाग आपल्याला असतो त्याहून फिकट वाटतो. एर्न्स्ट माख यानं 1865 मध्ये हा परिणाम तपासून मांडला. उपाय सोपा आणि फुकट आहे. डोळे बारीक करून पाहायचं. पापण्यांतून पाहिल्यावर बारीकसारीक फरक विरून जातात आणि चित्राचे दोनच मोठे भाग उरतात, उजेड आणि सावली. परतलेला उजेड सावलीच्याच भागात राहिला पाहिजे. सावलीतली सगळ्यात उजळ छटा उजेडातल्या सगळ्यात गडद छटेपेक्षा गडद हवी. हा एक नियम मी कुणालाही घोकून पाठ करायला सांगेन. बाकीचे डोळ्यांवर सोडावेत.

आता चेन्नईचा सूर्य.

चित्रकलेच्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं की स्टुडिओची खिडकी उत्तरेकडे हवी. युरोपात सूर्य बाराही महिने दुपारी दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन न येता आकाशाचा शांत, न बदलणारा उजेड येतो. चेन्नई 13 अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. तिथं एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात एकदा आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधे, म्हणजे जवळजवळ चार महिने, दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. 21 जूनला तो उत्तर क्षितिजापासून सुमारे 80 अंश वर असतो. मुंबईतही मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत हेच होतं, पण त्यातला बराच काळ ढगांत जातो. तेव्हा चेन्नईत उत्तरेची खिडकी घेतली तरी वर छज्जा आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी पडदा लागतोच. लंडनचा नियम जसाच्या तसा उचलून आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

याहून महत्त्वाचं म्हणजे डोक्यावरच्या उन्हानं कापडाचं काय होतं. एखादी बाई भर दुपारी बसस्टॉपवर उभी आहे अशी कल्पना करा. तिच्या निऱ्या सरळ खाली उतरलेल्या आहेत. प्रत्येक निरीचा पृष्ठभाग, तो डावीकडे वळलेला असो की उजवीकडे, उभाच आहे. वरून येणाऱ्या उजेडाशी सगळ्यांचा कोन सारखाच, जवळजवळ 90 अंश. लॅम्बर्टच्या हिशेबानं त्यांना थेट ऊन मिळतच नाही. त्यामुळे सुंदर घातलेल्या निऱ्या दुपारी सपाट, मातकट दिसतात. त्याच वेळी खांद्यावरून कमरेकडे आलेल्या पदराच्या आडव्या झोळांवर मात्र प्रखर उजेड आणि त्यांच्याखाली गडद सावली. तीच बाई सकाळी सातला मरीना किनाऱ्यावर भेटली तर चित्र उलटं. समुद्र पूर्वेला, ऊन आडवं. प्रत्येक निरीला एक उजळ अंग आणि एक सावलीचं अंग, आणि आडवे झोळ मंदावलेले. कापड तेच, नेसण तीच. उभ्या चुण्या शिकायच्या तर सकाळी बाहेर पडावं, आणि आडवे झोळ शिकायचे असतील तर अकरानंतर सावलीत बसून उन्हातली माणसं पाहावीत. चार तासांच्या अंतरानं एकाच वाळत घातलेल्या साडीची दोन रेखाटनं केली तर हे पुस्तक बाजूला ठेवलं तरी चालेल.

मरीनावरच देवीप्रसाद रॉय चौधुरी यांचं श्रमविजयाचं शिल्प आहे: चार कामकरी मोठा दगड हलवताहेत. ते 1959 मध्ये उभं राहिलं. रॉय चौधुरी 1929 पासून 1957 पर्यंत मद्रास कलाशाळेचे प्रमुख होते, आणि त्या पदावरचे पहिले भारतीय. कापड त्या शिल्पात नावापुरतं, कमरेला गुंडाळलेलं. पण ताणलेल्या शरीरावर कापड कुठं घट्ट होतं आणि कुठं सैल पडतं हे पाहायला तेवढं पुरतं. ब्राँझ मात्र चमकतं, त्यामुळे सकाळच्या उन्हात त्यावर छटा कमी आणि ठिपक्यांसारखे झगझगाट जास्त दिसतात. पहिल्या दिवशी त्याच्या वाटेला जाऊ नये.

उजेडाचं इतकं झाल्यावर कापड स्वतः काय करतं ते पाहू. एक साधा कागद घेऊन एका दिशेनं वाकवा. सहज वाकतो. आता तसाच वाकलेला धरून आडव्या दिशेनंही वाकवायचा प्रयत्न करा; नाही वाकत, चुरगळतो. कापडाचंही असंच आहे. उभे आणि आडवे धागे सहजी ताणले जात नाहीत. ताण मिळतो तो तिरक्या दिशेनं, शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसा. म्हणून मोकळं सोडलेलं कापड चेंडूसारखं गोल होत नाही, ते नळे आणि शंकू बनवतं. आणि प्रत्येक शंकूचं टोक असतं कापड जिथं अडकलंय तिथं.

मी विद्यार्थ्यांना चुण्या मोजू देत नाही. आधी अडकण शोधायला सांगतो. एका खिळ्यावर टाकलेला पंचा: सगळ्या चुण्या त्या खिळ्यातून किरणांसारख्या फुटतात आणि खाली जाताना रुंदावतात. दोन खिळ्यांमधे बांधला: आता दोन्हीकडून निघालेल्या वळ्या मधोमध भेटतात आणि झोळ पडतो. वाकलेल्या गुडघ्यावर कापड एका बाजूला ताणलेलं आणि दुसऱ्या बाजूला चेपलेलं; चेपलेल्या बाजूला एक चुणी दुसरीच्या पोटात शिरते. पायघोळ वेष्टी पावलावर टेकली की खाली सरकणारं कापड डावी-उजवीकडे मुडपत जातं. अमेरिकन शिक्षक जॉर्ज ब्रिजमन यांनी चुण्यांचे असे सात प्रकार सांगितले आणि जगभरच्या कलाशाळांत ते अजून शिकवतात. ती सात नावं पाठ केल्यानं नुकसान काही नाही; मात्र नावं पाठ असलेले विद्यार्थी समोरच्या कापडाऐवजी नावंच काढू लागतात, असा अनुभव आहे. कापड कुठं टांगलंय, कुठं ओढलंय, कुठं चेपलंय, एवढं कळलं की प्रकार आपोआप हाती लागतात.

नेसण बदलली की अडकण बदलते. सहावारीत निऱ्या कमरेला खोचलेल्या असतात, तिथून त्या सरळ खाली उतरतात आणि पाय झाकून टाकतात. नऊवारीत काष्टा मागे ओढून खोचलेला असल्यानं कापड पुढून मांडीवरून मागे ताणलं जातं. चुण्या तिरक्या होतात आणि पायाचा आकार सांगू लागतात. तमिळ अय्यर-अय्यंगार घरांतलं मडिसारही नऊवारच. लग्नात, सणात दिसतं. त्याची आणि आपल्या नेसणीची तुलना करत रेखाटनं करणं हा मराठी माणसाला चेन्नईत मिळणारा खास आनंद आहे. शरीरावर नऊवारी कशी बोलते याचा सर्वोत्तम पाठ मात्र मुंबईचा. गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे.मध्ये विद्यार्थी असताना, 1896 च्या सुमारास, केलेलं 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प. देवळाकडे निघालेली मराठी तरुणी, प्लॅस्टरमधली, अंगावर नऊवारी. ग्रीक पुतळे गिरवायला लावणाऱ्या शिक्षणातून निघालेल्या मुलानं तीच विद्या काष्ट्याला लावली. रवींद्रनाथ टागोरांनी त्यावर लेख लिहिला होता.

चेन्नईच्या एग्मोर भागात पँथिऑन रोडवर 1851 मध्ये स्थापन झालेलं सरकारी संग्रहालय आहे. तिथं अमरावतीच्या स्तूपाचे चुनखडी दगडातले शिल्पपट आहेत. त्यांतल्या बुद्धमूर्तींचं चीवर पाहावं. उजवा खांदा उघडा, आणि डाव्या खांद्यावरून उतरणाऱ्या चुण्या दगडात समांतर रेघांनी कोरलेल्या. इथं चुणी हा नळा नाही. ती शरीराभोवती फिरणारी एक रेघ आहे आणि ती रेघ खालची गोलाई सांगते. ब्राँझ दालनात तिरुवेंगाडूचा अकराव्या शतकातला अर्धनारीश्वर आहे. उजव्या, पुरुषाच्या बाजूचं वस्त्र मांडीपर्यंत, डाव्या बाजूचं पावलांकडे उतरलेलं. त्या दोन्ही वस्त्रांना जाडी जवळजवळ नाही; धातूवर बारीक रेषा आणि काठ, बस्स. शंभर वर्षांपूर्वीचे कित्येक इंग्रज शिक्षक याला कौशल्याचा अभाव समजत. मला ते पटत नाही, आणि त्याला एक अगदी व्यवहारी कारण आहे. या उत्सवमूर्ती. देवळात त्यांना खरं रेशीम नेसवतात, हार घालतात, मिरवणुकीला काढतात. कापड येणारच होतं, तर ते धातूत कशाला घडवायचं? संग्रहालयात आपण त्या मूर्ती ज्या अवस्थेत पाहतो ती देवळात फक्त अभिषेकाच्या वेळी दिसते.

रेघेनं गोलाई सांगायची ही रीत चित्रांतही होती. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छटा लावण्याचे तीन प्रकार दिले आहेत: पानाच्या शिरांसारख्या रेघांनी, अतिशय बारीक रेघांच्या मऊ थरानं आणि ठिपक्यांनी. त्याला वर्तना म्हणत. अजिंठ्यात ती दिसते. अंगाच्या कडा गडद, मधला भाग उजळ. उजेड एका खिडकीतून आलेला नाही, तो जणू प्रत्येक आकृतीच्या समोरून येतो. आज पेन-इंकचा कुठलाही वर्ग याच तीन गोष्टी शिकवतो.

आणि चेन्नईत त्या शिकलेला एक थोर चित्रकार होऊन गेला, ज्याचं नाव महाराष्ट्रात फारसं कुणाला माहीत नाही. 'शिल्पी' या नावानं चित्रं काढणारे पी. एम. श्रीनिवासन. मद्रास कलाशाळेत शिकले आणि 'आनंद विकटन' या तमिळ साप्ताहिकासाठी गावोगावच्या देवळांत बसून त्यांनी शिल्पांची रेखाटनं केली. त्या काळच्या साप्ताहिकाच्या छपाईत पेन्सिलची मऊ छटा टिकत नसे. ठोकळ्यावर रेघ आहे किंवा नाही, एवढंच उतरे. तेव्हा दगडाची गोलाई, देवळातला अर्धा काळोख, खांबाआडून आलेला उजेड, सगळं काळ्या रेघांच्या दाटीविरळीतून. आपल्याकडे दीनानाथ दलालांच्या रेखाटनांवर वाढलेल्या वाचकाला शिल्पींची चित्रं लगेच आपली वाटतील. छायांकन म्हणजे बोटानं पेन्सिल पुसणं, असा ज्यांचा समज आहे त्यांनी ती अवश्य मिळवून पाहावीत. बोटानं पुसलेली छटा कापडाला धुरकट करते. रेघ चुणीच्या वळणानं फिरवली तर छटा आणि आकार एकाच वेळी मिळतात.

तैलरंगातलं कापड म्हटलं की दक्षिणेत पहिलं नाव राजा रविवर्मा यांचं. त्यांचं शिक्षण कलाशाळेत झालं नाही. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार त्रावणकोरच्या दरबारी आला. त्यानं शिकवलं नाही, फक्त काम करताना पाहू दिलं. तेवढ्यावर रविवर्मांनी तैलरंग आत्मसात केले आणि 1873 मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात केस सजवणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळवलं. पुढे त्यांच्या पौराणिक नायिका साडी नेसू लागल्या, त्यात दख्खनी, मराठी नेसणीचा मोठा वाटा आहे. म्हैसूरच्या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात वेगवेगळ्या प्रांतांच्या अकरा स्त्रिया वाद्यं घेऊन बसल्या आहेत. वेशांचा तो एक अभ्यासच.

रेशीम काढायचं कसं हे रविवर्मांकडून शिकावं. रेशमावर लॅम्बर्टचा नियम पुरा चालत नाही, कारण ते चमकतं; उजळ जागा पृष्ठभागाच्या कोनाइतकीच तुमच्या डोळ्याच्या जागेवर अवलंबून असते. तुम्ही मान हलवलीत की ती सरकते. कांजीवरममध्ये उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असले तर चुणीच्या एका अंगाला एक रंग आणि दुसऱ्या अंगाला दुसरा, जशी आपली धूपछाव पैठणी. त्यात जरीचा काठ अंगापेक्षा जड आणि ताठ, म्हणून अंगावरची मऊ चुणी काठापाशी येऊन एकदम मोडते. रविवर्मा अंगाला रुंद, शांत छटा देतात आणि जरीला अगदी थोडे, पण धीट ठिपके. नवशिक्या जरीचा प्रत्येक धागा काढतो आणि साडीची तार करून टाकतो.

हे शिकायला मूळ चित्र हवं, कॅलेंडर नव्हे. चित्रं छापून घरोघरी पोचवावीत अशी सूचना रविवर्मांना सर टी. माधवराव यांनी केली होती. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरच्या मराठी घराण्यातले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण. अखेरची वर्षं त्यांनी मद्रासला काढली. 1894 मध्ये मुंबईत छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छपाईत एकेका रंगाला वेगळा दगड लागे. मधल्या हळुवार छटांना दगड कुठून आणणार? त्या गेल्या, आणि निऱ्या कडक झाल्या. दिवाणखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीवरून चुण्या गिरवत मोठे झालेल्या आपल्या पिढ्यांनी खरं तर दगडाच्या मर्यादा गिरवल्या.

दिव्याचा उजेड हा आणखी वेगळा विषय. सूर्य इतका दूर आहे की साडीच्या पदरावर आणि काठावर ऊन सारखंच पडतं. दिवा हातात असतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. सावळाराम हळदणकर यांचं समई-निरांजनाच्या उजेडातल्या स्त्रीचं जलरंग चित्र, 1945-46 मधलं, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. हाताच्या आडोशातून बोटं लालसर उजळलेली, छातीवरचा पदर तेजस्वी, आणि खाली पावलांकडे जाता जाता साडी अंधारात विरत जाते. चुण्या तिथं आहेत, पण चित्रकारानं त्या सगळ्या सांगितलेल्या नाहीत. चित्रातली स्त्री म्हणजे त्यांची मुलगी. पाहणारे पुष्कळदा ते रविवर्मांचं समजतात. रविवर्मा 1906 मध्येच वारले होते.

सुरुवात करणाऱ्यांसाठी सामान थोडं लागतं. एचबी, 2बी आणि 4बी पेन्सिली, थोडा खरखरीत कागद, कणकेसारखा मळता येणारा रबर. धुतलेला, इस्त्री न केलेला सुती पंचा एका खिळ्याला अडकवा, खोलीतला दुसरा उजेड बंद करा. पहिल्या पंधरा मिनिटांत एकही चुणी काढू नका. फक्त उजेडाचा आणि सावलीचा असे दोन भाग वेगळे करा. मग गडद पट्टे, मग पडछाया, आणि अगदी शेवटी ती रेघेएवढी काळी खाच. आठवडाभर हाच पंचा. त्यानंतर तोच दोन खिळ्यांवर, मग खुर्चीच्या पाठीवर, मग कुणाच्या तरी गुडघ्यावर. रेशमाला महिनाभर हात लावू नका.

आणि चेन्नईला जाणं झालं तर वही बरोबर ठेवा. एग्मोर स्टेशनपासून संग्रहालय जवळ आहे. अमरावतीचे पट आणि ब्राँझ दालन एका सकाळीत पाहून होतात, काढून मात्र होत नाहीत, तेव्हा एकच मूर्ती निवडा. तिथून जवळच, पँथिऑन रोडवरच, को-ऑप्टेक्स या विणकरांच्या सहकारी संस्थेचं दुकान आहे. तिथं सुती आणि रेशमी साड्या उलगडून दाखवतात तेव्हा एकच घडी दोन कापडांत कशी वेगळी पडते ते उभ्या उभ्या पाहता येतं. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.